एक म्हणजे रिकामा

आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना माझ्या आईने एकदाच पाहिलं. ते थीसिसचे कागद द्यायला भांडुपला आमच्या खोलीवर आले होते. चहा हातात घेतला आणि एकदम दारातल्या पायरीशी उकिडवे बसले, पायरीच्या दगडाला कान लावला, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "कांदिवलीच्या खाणीची." मग उरलेला चहा संपवून निघून गेले. आई दाराशी उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मला म्हणाली, "त्येका कायतरी लागलेला आसा गो. त्येच्या फुडे केस मोकळे सोडून बसू नको."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडिलांची गिरणी संपात बंद पडली, त्याच्या पुढच्याच वर्षी मी मुलुंडच्या कॉलेजात ग्रंथालयात चिकटले होते. टायपिंग येतं म्हणून सरांचा प्रबंध टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषय होता, रोमन साम्राज्याच्या एका वाळवंटी प्रांतातल्या दगडखाणी आणि त्यांच्यावर चालणारं तिथलं अर्थकारण. हा माणूस ठाण्याच्या पुढे कधी गेला नव्हता. पण त्या खाणीपर्यंत पाण्याच्या पखाली कुठल्या वाटेने येतात हे त्याला आपल्या गल्लीसारखं ठाऊक होतं.

"येतात" असंच म्हणायचे ते. "यायच्या" नाही. भूतकाळ त्यांना मान्यच नव्हता. एकदा सकाळी तोंड पाडून आले आणि म्हणाले, "काल पाणी आलं नाही हो, बाई."

"आमच्याकडे तर आलं होतं. तुमच्या चाळीची मोटर बिघडली का?"

"चाळीत नाही. खाणीवर. उंट वाटेत अडकलेत. दोघं तापाने पडलेत, त्यांनाही पाणी नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी मानेवर काटाही आला, कारण त्यांच्या डोळ्यांत खरोखर काळजी होती. त्या खाणीतले लोक फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर चिठ्ठ्या लिहीत. कोण आजारी आहे, भाकरी किती आल्या, छिन्नीला धार लावायला लोहार का आला नाही. तसले तुकडे पुढे वाळूत सापडले. त्यांची छापील भाषांतरं सर पोस्टातून आलेल्या पत्रांसारखी वाचायचे. मी जांभई दिली तरी ऐकवायचे. "राजाला एक खांब हवा असतो, बाई. त्यासाठी विहिरी खणतात, रस्ता बांधतात, रस्त्यावर चौक्या बसवतात. नदीकाठची गावं धान्य देतात, दोरखंड देतात, बैल देतात. अख्खा प्रांत त्या एका खड्ड्याभोवती फिरतो. खांबावर राजाचं नाव कोरतात. खड्ड्यावर कोणाचं कोरतात?"

मी म्हणायचे, "खड्ड्यावर कसं कोरणार, सर?"

"तेच म्हणतोय मी."

कुठलीही इमारत दिसली की ते विचारायचे, "हिचा खड्डा कुठे आहे?" त्यांचं म्हणणं, जेवढी इमारत वर उभी राहते तेवढीच पोकळी कुठेतरी जमिनीत राहते, आणि ती दोघं एकमेकांना ओळखतात. आमच्या एका प्राध्यापकांनी नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली. जेवणं झाल्यावर सर बाल्कनीत गेले, कठड्यावर तळहात टेकवून उभे राहिले आणि यजमानांना म्हणाले, "हिचा खड्डा मी पाहिलाय. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर ना? बरोबर तेवढाच खोल आहे. संध्याकाळी तिथे खालीसुद्धा कुणीतरी आवराआवर करत असतं." यजमानीणबाईंनी पाहुणे गेल्यावर सगळ्या घरावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि सरांना पुन्हा कुणी जेवायला बोलावलं नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. जेवण त्यांना फुकटच जायचं, चवच कळायची नाही.

रोमच्या प्रांतात जाता येत नव्हतं म्हणून सर मुलुंडच्या डोंगराकडच्या दगडखाणीवर जायचे. कॉलेजपासून चालत दहा मिनिटं. मार्गदर्शकांनी प्रबंधात तांबड्या शाईने लिहिलं होतं, "यात मुलुंड कुठून आले?" सरांनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "तिथूनच." खाणीभोवती वडारांची वस्ती होती, छिन्न्यांना धार लावणारा लोहार होता, चहाची टपरी, ट्रक, खडी फोडणाऱ्या बाया. सर तिथे दगडावर छत्री उघडून तासन् तास बसायचे.

खाणीत रोज दुपारी साडेबाराला सुरुंगाचे बार व्हायचे. आमच्या वर्गांच्या काचा थरथरायच्या. सर शिकवताना मध्येच थांबायचे, बोट वर करायचे, बार संपले की श्वास सोडून म्हणायचे, "हं. सगळे वर आहेत." आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचे. पोरं मागच्या बाकावरून "सगळे वर आहेत" असं त्यांच्याच आवाजात ओरडायची. सर रागवायचे नाहीत. त्यांना वाटायचं, पोरांनाही काळजी आहे.

सगळे वर आहेत हे कसं कळायचं, त्याची त्या खाणीची एक रीत होती. मुकादम यल्लप्पा खाणीच्या तोंडाशी डालड्याचा एक जुना डबा ठेवायचा. सकाळी खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने जमिनीवरचा एक खडा उचलून त्या डब्यात टाकायचा. वर आलं की एक काढून घ्यायचा. दुपारी डबा रिकामा झाला की सगळे वर आले. मग यल्लप्पा लाल बावटा लावणार, शिट्टी फुंकणार आणि स्वतः खाली जाऊन बत्ती लावणार. अक्षर न येणाऱ्या माणसांची ही हजेरी. आणि नियम असा की ज्याचा खडा त्यानेच काढायचा. दुसऱ्याचा खडा काढणं म्हणजे त्याला खाली गाडणं.

हे सगळं मला नंतर कळलं. सरांनी मला त्या वाळवंटातल्या बैलांचा चारासुद्धा समजावून सांगितला होता, पण डब्याचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

आणि खरी गोम पुढे होती. सात वर्षांपूर्वी तिथे दरड कोसळली होती. तिम्मव्वा म्हणून खडी फोडणारी एक बाई होती, तिचा नवरा खाली राहिला. चार दिवस उकरलं, काही मिळालं नाही. त्या दिवशी डब्यात एक खडा उरला. तो काढणार कोण? तो स्वतः तर वर आलेला नाही. मग तो खडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यात बाकीच्यांचे पडले, निघाले, शेवटी परत एक उरला. त्यातला त्याचा नेमका कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं. रोज जो शेवटी राहील तो त्याचा. यल्लप्पा डब्यात न बघता हात घालायचा, बोटांना एक खडा लागला की म्हणायचा, "एक म्हंजी रिकामा," आणि बत्ती लावायला जायचा.

सरांनी त्याला कितीदा सांगितलं होतं, "यल्लप्पा, तुझा डबा खोटं बोलतो. एक दिवस घात होईल."

यल्लप्पा म्हणायचा, "काडू कसा, सर? त्यो वर आल्याबिगर?"

मग सर छत्री मिटून कॉलेजकडे वळायचे.

एका शनिवारी सरांच्या आग्रहाखातर मी खाण बघायला गेले. काम संपून लोक गेले होते. सर खालच्या कपारीकडे हात करून सांगत होते की त्या वाळवंटातही असेच अर्धवट कोरलेले खांब पडून राहतात, राजा मेला की मागणी संपते आणि लोक हत्यारं टाकून निघून जातात. मला ऊन लागत होतं. समोर डबा होता, डब्यात एकच खडा. काळाभोर, चपटा, हाताला गार. ग्रंथालयात पंख्याखाली सरांची टिपणाची कार्डं उडायची, त्यांवर ठेवायला बरा, म्हणून मी तो उचलून पिशवीत टाकला. इतकं साधं होतं ते. रस्त्यावरची चिंच उचलावी तसं.

सोमवारी सव्वाबाराला सर कार्डं न्यायला आले. खडा बघितला आणि हात तसाच थांबला.

"हा कुठून आणलात?"

"खाणीवरच्या त्या डब्यातून. का?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. मग खडा मुठीत धरून ते जे पळाले! ज्या माणसाला जिना उतरताना कठडा लागायचा तो माणूस दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेला. मी मागून "सर, झालं काय?" असं ओरडत धावले. फाटकाबाहेर त्यांनी मागे न बघता ओरडून सांगितलं, "आज जो एक उरेल तो जिवंत आहे!"

मला तेव्हा अर्धंच कळलं, पण पाय थांबले नाहीत. चप्पल तुटली, ती हातात घेतली. डोंगराच्या वळणावर असताना शिट्टी झाली. आम्ही पोचलो तेव्हा यल्लप्पा बत्ती लावून वर येत होता. बाया आडोशाला बसल्या होत्या, कानांवर पदर घेतले होते. सरांनी डब्यात बघितलं. आत एक खडा होता.

ते लाल बावट्याच्या खालून वाकून खाणीत उतरले. यल्लप्पाने सदऱ्याला धरायला हात टाकला तर बाही फाटून त्याच्या हातात आली. "सर! वाती पेटल्यात सर!" तो ओरडत राहिला. मी त्याला कसंबसं सांगितलं, कुणीतरी खाली आहे. त्याने वर बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "हणमंता."

मग बार झाले. मी ते मोजले नाहीत. जमिनीवर पालथी पडून मी आमच्या गावच्या वेतोबाला नवस बोलत होते, आणि नवसाला काय बोलावं तेसुद्धा सुचत नव्हतं.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला. त्या धुळीतून दोन माणसं वर आली, दोन्ही पांढरीफटक. एक सर, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकलेला म्हातारा हणमंता. त्याला सकाळपासून ताप होता, सावलीला म्हणून तो एका मोठ्या दगडाच्या मागे झोपून गेला होता. सरांनी त्याला त्याच दगडाच्या आडोशाला दाबून धरलं होतं. सरांच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. ते बोलायला लागले ते फार मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

"खाली दोघं होते!"

बायांनी कानांवरचे पदर काढले.

"दुसऱ्यालाही म्हटलं, चल. तो उठला होता, यायला तयार होता. पण मला म्हणाला, माझा खडा डब्यात नाही, मी वर येऊन काढू काय?"

तिम्मव्वाच्या हातातला हातोडा तिच्या पायावर पडला आणि तिने पाय हलवला नाही. यल्लप्पाने सरांची मूठ धरली, एक एक बोट उघडलं. काळा चपटा खडा. "ह्यो तुमी नेलावता?"

सरांना ऐकू आलं नाही, पण कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुटकी चप्पल हातात घेऊन उभी होते. मी मान खाली घातली. आजवर मी बऱ्याच गोष्टींसाठी स्वतःला माफ केलंय, त्या मान खाली घालण्यासाठी नाही.

"हो," सर मोठ्याने म्हणाले. "मीच."

यल्लप्पाने तो खडा परत डब्यात टाकला. "हणमंताला आनला ते तुमचं उपकार. पर घालवनार बी तुमीच हुतात. आता हिकडं पाऊल टाकायचं न्हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून परत तेच सुरू झालं. एक म्हणजे रिकामा.

सरांचे कान गेले ते गेलेच. कॉलेजने त्यांना ठेवलं, कारण ते आधीही पोरांचं फारसं ऐकत नव्हते. पोरं प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची, ते उत्तर द्यायचे. प्रबंध मात्र थांबला, तो शेवटपर्यंत पुरा झाला नाही. मी एकदा चिठ्ठीवर लिहिलं, "मी जाऊन खरं सांगते." ते वाचून म्हणाले, "नको. खाण दाखवली आणि डब्यातल्या खड्याचं सांगितलं नाही, हे माझंच चुकलं. फक्त एक वाईट झालं. खडा आता परत डब्यात आहे, तिम्मव्वाचा नवरा खाली तयार आहे, आणि हाक मारायला मला जाता येत नाही."

मी चिठ्ठी घडी करून ठेवली. त्यांना खाली खरंच कोण दिसलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. दिसलं नाही म्हणाले असते तरी वाटली असती.

पण रोज साडेबाराला ते ग्रंथालयात यायचे. माझ्या टेबलावर तळहात पसरून ठेवायचे. बारांचा हादरा लाकडातून त्यांच्या हाताला कळायचा. तो थांबला की माझ्याकडे बघून विचारायचे, "सगळे वर आले?"

मला काय माहीत! मी मान हलवायची, हो. ते श्वास सोडून जायचे. पाच महिने मी रोज त्या माणसाला खोटं सांगत होते, आणि रोज माझ्या डोळ्यांपुढे तो डबा यायचा, ज्यात एक खडा मेलेल्याचा की जिवंताचा हे बोटांना कळत नाही. रात्री झोप लागायची नाही असं नाही. दुपारीच जीव जायचा. एके दिवशी हादरे थांबले, सरांनी विचारलं, "सगळे वर आले?" आणि माझी मान हललीच नाही. कितीही केलं तरी हलेना. मी तशीच उठले, ग्रंथालय उघडं टाकून खाणीवर गेले.

यल्लप्पा जेवत होता. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, खडा मी उचलला होता, सरांनी नाही.

त्याने घास ताटात ठेवला. "तुमी? आन् सर म्हनले मी?"

"मी घाबरले होते."

त्याने ताट बाजूला सारलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिम्मव्वा बाजूलाच खडी फोडत होती. तिने हातोडा थांबवला नाही, वर बघितलं नाही. म्हणाली, "सरांनी खरंच बगितलं त्याला?"

"ते तसं म्हणतात."

"मग बोलवा की त्यास्नी. म्या सात वर्सं हाक मारतीया, माजं त्यो ऐकत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाराला मी सरांना घेऊन गेले. खालचे सगळे वर आले होते, खडे काढून झाले होते, डब्यात एक उरला होता. यल्लप्पाने जमिनीवरचा एक खडा उचलून सरांच्या हातावर ठेवला. एवढ्या वर्षांत सरांना कुणी खडा दिला नव्हता. ते कामकरी नव्हते, त्यांची मोजणीच नव्हती. त्यांनी तो डब्यात टाकला आणि उतरायला लागले. सगळी वस्ती कडेला उभी होती.

सर तळाशी गेले, दरड पडली होती त्या बाजूला वळले आणि दिसेनासे झाले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते दिसले. एकटेच होते. पण चढत होते ते एकट्या माणसासारखे नाही. वाटेच्या एका अंगाने, दर वळणावर थांबून, मागे वळून, सवय मोडलेल्या माणसाला सांभाळून आणावं तसे. हणमंताने हात जोडले. माझ्या शेजारची बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागली.

वर आल्यावर सरांनी डब्यात हात घातला, आपला खडा काढून खिशात ठेवला. मग ते दोन पावलं बाजूला झाले आणि डब्यासमोरची जागा मोकळी सोडून उभे राहिले.

कुणी पुढे आलं नाही. तिथे नुसतं ऊन होतं. आम्ही सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत होतो.

तिम्मव्वा उठली. लुगड्याची धूळ झटकली, डब्यापाशी आली, त्या मोकळ्या जागेकडे वर बघून म्हणाली, "येवडा येळ लावत्यात व्हय रं?" तिचा आवाज चिडलेला होता, घरी उशिरा आलेल्या माणसावर चिडतात तसा. मग तिने डब्यात हात घालून खडा काढला, मुठीत घट्ट धरला आणि वस्तीकडे चालायला लागली. तिच्या मागे कुणी गेलं नाही.

यल्लप्पाने डबा उचलला. या वेळी त्याने हात घातला नाही, आत डोकावून बघितलं. मग सगळ्यांना दिसेल असा उलटा केला, बुडावर थाप मारली. काही पडलं नाही.

"आजपासनं डबा रिकामा झाल्याबिगर बत्ती न्हाय," तो म्हणाला, आणि शिट्टी तोंडात धरून खाली उतरायला लागला.